आश्विनातलं ऊन वाया घालवू नका: पावसाळ्यानंतर घर उबदार करताना

मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला परततो, पुण्यातून त्याच्या मागोमाग, आणि १५ ऑक्टोबरपर्यंत तो सगळ्या देशातून गेलेला असतो. या हवामान खात्याच्या सरासरी तारखा. प्रत्यक्षात आठवडाभर इकडेतिकडे होतंच. तिथून दिवाळीपर्यंतचे दिवस घरासाठी वर्षातले सगळ्यात मोलाचे. आभाळ निरभ्र, दुपारचं ऊन कडक, आणि रात्र हळूहळू निवत जाणारी. नोव्हेंबरच्या मध्यावर पुण्या-नाशिकला पहाटे पांघरूण शोधावं लागतं. ते पांघरूण त्या पहाटे हलकं, कोरडं आणि उन्हाच्या वासाचं असायला हवं असेल, तर त्याचं काम ऑक्टोबरातच उरकावं लागतं.

घर उबदार करायचं म्हटलं की लोक नवे पडदे, उशा, मेणबत्त्या यांच्या मागे लागतात. त्या गोष्टी नंतरच्या. आपल्याकडच्या घरात ऊब म्हणजे आधी कोरडेपणा. कापसाच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा अंगाची उष्णता धरून ठेवते. त्या हवेच्या जागी ओल शिरली की उष्णता निसटते, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. चार महिने दमट हवेत पडून असलेली जाडजूड रजई अंगावर घेऊनही पहाटे गारठायला होतं ते यामुळेच. कुबट वासाचं मूळही ओलच. धूप-ऊद जाळून तो वास झाकता येतो, घालवता येत नाही.

आधी ओल कुठे आहे ते पाहा

काहीशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक घ्या आणि तो दिवाणखान्यात शोभेला न ठेवता कपाटात, पलंगाखालच्या कप्प्यात आणि उत्तरेच्या भिंतीजवळ एकेक रात्र ठेवून पाहा. घरात ४५ ते ६० टक्के हवेत. आकडा सतत ७०च्या वर राहत असेल तर तिथे बुरशी येणार हे धरून चाला. खोलीत ५५ आणि कपाटात ७५ असा फरक अगदी नेहमीचा आहे, कारण बंद कपाटातली हवा जुलैपासून तशीच साठलेली असते.

दिवसभरात हवा सगळ्यात कोरडी असते ती दुपारी. म्हणून कपाटं, माळे, पलंगाचे कप्पे उघडायचे ते साधारण अकरा ते चारच्या दरम्यान. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंखा चालू, कपाटांची दारं सताड. पाचच्या आत सगळं बंद. सकाळी उठल्या उठल्या कपाटं उघडली तर पहाटेची दमट हवा आत जाते आणि श्रम वाया जातात. कोकणात आणि मुंबईत हवा कोरडी व्हायला घाटावरच्यापेक्षा जास्त दिवस लागतात. तिथे हे काम ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यावर ढकललेलं बरं.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर ते चार बोटं तरी पुढे ओढा. मागे हवा खेळली नाही की आतल्या फळीवर आधी काळे ठिपके येतात आणि मग कपड्यांवर. लोखंडी कपाटात तळाशी कागद अंथरलेला असतो, तो काढून टाका. त्याच्याखाली गंज आणि ओल दोन्ही सापडतील. ओल शोषणारे डबे मिळतात, त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. ते पाणी चांगलं ओढतं, पण डबा भरून कलंडला तर ते खारं पाणी रेशमाची आणि चामड्याची वाट लावतं. ठेवायचाच तर तळाच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा आणि आठवड्याला पाहा.

पैठणी, शालू, रेशमी धोतरं यांना थेट ऊन दाखवू नका. सावलीत, वाऱ्यावर, तासभर पुरे. परत ठेवताना घडी बदला, कारण जरीची तार नेहमी जुन्याच घडीवर तुटते. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून मलमलच्या किंवा जुन्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्यांत तर त्या ठेवायच्याच नाहीत. काही बाळांमध्ये नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा, किंवा कडुलिंबाचा पाला अगदी कुरकुरीत वाळवून. ओलसर पाला ठेवला तर बुरशी आपल्याच हाताने आत नेल्यासारखं होतं.

भिंतीला रंग लावायची घाई

दिवाळीआधी रंग काढायची पद्धत आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे, आणि पोपडे पडायचं सगळ्यात मोठं कारणही तेच. विटांची भिंत सुकायला फार वेळ घेते. महिन्याला साधारण एक इंच जाडी, हा जुना ठोकताळा. सप्टेंबरपर्यंत झिरपलेली नऊ इंची भिंत ऑक्टोबरात हाताला कोरडी लागते, आतून मात्र ती ओलीच असते. तिच्यावर प्लास्टिक किंवा ऑइलपेंट चढवला की आतल्या पाण्याला वाट उरत नाही. ते रंगाला फुगवून बाहेर येतं.

तपासायची सोपी रीत आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट चौरस तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीच्या बाजूला जमले तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. पहिल्या प्रकारात बाहेरची भेग, गच्चीची उतरण, पावसाच्या पाण्याचा पाइप, न्हाणीघराच्या फरशीचे सांधे हे आधी बघायला हवं. रंगाचा डबा त्यानंतर. यंदा भिंत उजळायचीच असेल तर चुन्याची सफेदी करा. तिच्यातून भिंतीला श्वास घेता येतो आणि चुना क्षारधर्मी असल्यामुळे बुरशीही तिथे सहसा टिकत नाही. पक्का रंग फेब्रुवारी-मार्चवर टाका.

लोणा लागलेल्या भिंतीवरची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा आणि केरभरणीत गोळा करा. ओल्या फडक्याने पुसली तर क्षार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीतच जातात. काळ्या बुरशीसाठी रंगवलेल्या भिंतीवर साधं पांढरं व्हिनेगर पाणी न मिसळता फवारा, तासाभराने ब्रशने घासा, पुसून पंखा लावा. नाकाला फडकं बांधायला विसरू नका. चुन्याच्या भिंतीवर आणि शहाबादी फरशीवर मात्र व्हिनेगर नको. शहाबादी म्हणजे चुनखडीच. आम्लाने तिला कायमचे पांढुरके डाग पडतात. तिथे एक लिटर पाण्यात दोन टेबलचमचे धुण्याचा सोडा पुरेसा आहे. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनिया असलेलं कुठलंही द्रव्य मिसळू नका. विषारी वायू तयार होतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

गाद्यांना ऊन

कापसाच्या गादीला सलग तीन दिवस, दहा ते तीन, असं ऊन हवं. मध्ये एकदा उलटायची. थेट गच्चीच्या फरशीवर न टाकता खाटेवर किंवा चार विटांवर फळ्या टाकून त्यावर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. तीनच्या सुमाराला काठीने झोडपा आणि ऊन कलायच्या आत घरात घ्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. गादी ऊन उतरल्यावरही बाहेर राहते, हवेतली ओल पुन्हा धरते आणि ओलसर होऊन परत येते. आत आणल्यावर लगेच चादर घालू नका. आतली गरम वाफ निघून जायला तासभर द्या.

उन्हानेही गुठळ्या सुटत नसतील तर गादी पिंजायला द्यायची वेळ झाली. रोजच्या वापरातली गादी दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी. पिंजारी दारात काम करत असेल तर समोर बसून कापूस पाहा. पिवळट, तुटक धाग्यांचा कापूस बाजूला काढायला सांगा आणि तेवढी नवी भर घाला. तीन बाय सहाच्या गादीला आठ ते दहा किलो कापूस लागतो. त्याहून कमी भरला तर महिन्याभरात मधोमध खळगा पडतो.

फोमच्या आणि लॅटेक्सच्या गाद्या उन्हात टाकू नका. उन्हाने लॅटेक्सचा भुगा होतो आणि फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. त्या भिंतीला उभ्या टेकवून पंख्याखाली दिवसभर ठेवा, आणि दुपारी बाजू बदला. काथ्याच्या गादीलाही असंच. तिच्या पोटातली ओल सगळ्यात शेवटी जाते.

गोधडी

घरात एकच गोष्ट नीट करायची असेल तर ती ही करा. थरांवर थर, मध्ये अडकलेली हवा, आणि वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेलं सूत. आपल्या हवेला याहून योग्य पांघरूण मला माहीत नाही. रजई ऑक्टोबर-नोव्हेंबरात गदमदवते आणि चादर पहाटे पुरत नाही. गोधडी नेमकी या दोन्हींच्या मधल्या दिवसांची.

असलेली गोधडी धुताना साबण नेहमीच्या निम्माच घाला. थरांमध्ये राहिलेला साबण हवेतली ओल ओढत राहतो आणि गोधडी चिकट लागते. पाणी नितळ येईपर्यंत खळबळा. पिळू नका, दाबून पाणी काढा. ओली गोधडी प्रचंड जड होते. एकाच दोरीवर मधोमध टाकली तर तिचा सगळा भार एका रेषेवर येतो आणि तिथले टाके पटापट तुटतात. हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधा आणि दोन्हींवर पसरा. वरून कोरडी लागली तरी खरी परीक्षा जोडावर आणि काठावर. तिथे बोटांनी दाबून गारवा लागला तर अजून एक दिवस ऊन.

उसवलेल्या ठिकाणी आधी आतलं कापड सरळ करा, मग टाके घाला. वरून ठिगळ लावायचं तर ते भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं हवं, कारण भोकाच्या कडेचं कापडही विरलेलंच असतं.

नवी शिवायची असेल तर हिशोब असा. दोन माणसांच्या अंगावर येईल अशी, साधारण २.१ बाय २.२ मीटर. एका पाचवारी सुती साडीचे २.१ मीटरचे दोन तुकडे काढून शेजारी शेजारी जोडले की एक थर होतो. चार थरांना चार साड्या. प्रत्येकीचा उरलेला मीटरभराचा तुकडा गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी, आणि ठिगळांसाठी. तयार गोधडी दीड-दोन किलोची होते. सहा थर केले तर ऊब वाढते, पण सुई चालवणं कठीण जातं आणि धुणं त्याहून कठीण. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी राहत नसाल तर चार पुरेत.

साड्या सगळ्या सुतीच घ्या. मध्ये एक नायलॉन किंवा पॉलिएस्टरची घातली तर ती घाम शोषत नाही आणि शिवताना सरकते. चारही साड्या आधी गरम पाण्यातून धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. न धुतलेलं सूत पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटत नाही, आणि दोन्ही एकत्र शिवलेली असली की गोधडीभर चुण्या पडतात. गडद रंगाच्या साडीवर ओलं पांढरं फडकं जोरात घासून पाहा. रंग उतरला तर ती आतल्या थराला घ्यायचीही चूक करू नका. ओलेपणी तो रंग वरपर्यंत येतो. सगळ्यात विरलेल्या साड्या आत, धडधाकट त्यातल्या त्यात वर आणि खाली.

जोड एकावर एक येऊ देऊ नका. वरच्या-खालच्या थराचा जोड मधोमध येतो, म्हणून आतल्या दोन थरांत पूर्ण पन्ह्याचा (रुंदीचा) एक तुकडा मधे ठेवून दुसऱ्याचे उभे दोन भाग करून दोन्ही कडांना जोडा. नाहीतर गोधडीच्या पोटात एक कडक दांडा तयार होतो आणि तो रात्रभर बोचतो.

फरशीवर खालचा थर ताणून चारी कोपऱ्यांना वजन ठेवा, त्यावर एकेक थर अंथरत हाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारा. आता लगेच पक्की शिवण घालू नका. मधोमधपासून सुरू करून कडेपर्यंत, वीतभर अंतराने, उभे-आडवे मोठे कच्चे टाके घाला. गोधडीची शिवण आपल्याकडे परंपरेने काठावरून सुरू होऊन चौकोनात चौकोन घेत मध्यावर संपते. कच्चे टाके नसतील तर प्रत्येक फेरीगणिक थोडंथोडं कापड पुढे सरकतं आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो कापून शिवण्याशिवाय दुसरा उपाय राहत नाही.

टाका साधा धावदोऱ्याचा, पाच-सहा मिलिमीटरचा, दोन ओळींत एक इंचाचं अंतर. या मापाने एका गोधडीत जवळजवळ १८५ मीटर शिवण भरते, त्यामुळे जाड सुती दोरा एकाच रंगाचा २२० मीटर तरी आधीच आणून ठेवा. दुहेरी घेत असाल तर दुप्पट. सुईत एका वेळी हाताच्या लांबीइतकाच दोरा ओवा. जास्त घेतला तर पीळ बसून गाठी होतात आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन तो झिजतो. डावा हात गोधडीखाली ठेवा. सुईचं टोक बोटाला लागलं म्हणजे ती चारही थरांतून आरपार गेली. नुसतं वरून पाहून हे कळत नाही, आणि खालचा थर सुटलेला टाका पहिल्याच धुण्यात उघडा पडतो. दोरा ओढताना कापड आक्रसेल इतका ओढू नका. टाक्यांमधलं कापड किंचित उभारलेलं दिसायला हवं. त्या उभारीतच हवा अडकते, आणि ऊबही तिथेच असते. शेवटी चार इंची पट्ट्यांचा दुहेरी गोट लावा, कारण सगळ्यात आधी विरतात त्या कडाच.

घरात जुनी घोंगडी असेल तर तिला गरम पाणी दाखवू नका, लोकर आटून नमद्यासारखी होते. झटकायची, सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन्ही बाजूंनी तासभर ठेवायची, आणि कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये वेखंड. सोलापुरी चादर मात्र बिनधास्त मशीनमध्ये टाका, फक्त पहिल्या दोन धुण्यांत वेगळी.

पायाखाली आणि दिव्याखाली

फरशी थंडीत पायाला झोंबते, म्हणून पलंगाच्या उतरायच्या बाजूला आणि बसायच्या जागी सुती सतरंजी हवी. जूट इतक्यात अंथरू नका. ते ओल धरतं, डिसेंबरपर्यंत थांबा. सतरंजी रोज संध्याकाळी उचलून ठेवली तर खालच्या फरशीलाही हवा लागते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुंबईत साडेसहाच्या जवळ असलेला सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहावर येतो. संध्याकाळ लांबते, आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत छताला ६५०० केल्विनचा पांढराफटक ट्यूबलाइट असतो. स्वयंपाकघरात आणि अभ्यासाला तो ठीक. बसायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, ३ ते ५ वॉटचे दोन-तीन एलईडी दिवे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याखाली लावा, आणि छताचा दिवा संध्याकाळी बंद ठेवून पाहा. खोलीच्या कोपऱ्यांत सावली राहू द्या. दोन वेगळ्या रंगांचे दिवे एकाच खोलीत नकोत. पिवळा त्यामुळे मळका दिसतो. कागदाच्या आकाशकंदिलात जुना ६० वॉटचा बल्ब लावू नका, कागद तापून पेट घेऊ शकतो. तिथे ३ वॉटचा एलईडी भरपूर झाला.

नव्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी उन्हात पूर्ण वाळवा. कोरडी माती निम्मं तेल स्वतःच पिते आणि खाली डाग सोडते. वात तेलाबाहेर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. काजळी धरते आहे म्हणजे वात जास्त बाहेर आहे. पडद्यापासून हातभर तरी लांब, आणि खाली ताटली.

कोकणात आणि गोव्यात याच दिवसांत घराबाहेरचं अंगणही नव्याने तयार होतं. पावसाने उखडलेलं खळं, म्हणजे अंगण, सपाट करून, पाणी मारून, चोपण्याने (लाकडी थापीने) चोपून घट्ट करतात आणि मग शेणाने सारवतात. चोपताना माती ओलसर हवी, चिखल नको. चिखल झाला तर सुकताना भेगा पडतात. पहिलं सारवण पातळ, ते वाळल्यावर दुसरं. संध्याकाळी बसायला यासारखी जागा नाही.

एक काम मुद्दाम उशिरा करायचं ते म्हणजे दारांचं. पावसाळ्यात फुगून अडलेली दारं-खिडक्या लोक ऑगस्टातच सुताराकडून रंधा मारून घेतात. नोव्हेंबरात लाकूड आटतं, दार चौकटीपासून सुटतं आणि त्या फटीतून थंडीभर वारं येतं. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत थांबा. तेव्हाही अडत असेल तरच, जिथे घासल्याची खूण दिसते तेवढ्याच कडेवर रंधा फिरवा. आणि उघडं पडलेलं लाकूड त्याच दिवशी प्रायमर किंवा पॉलिशने बंद करा, दाराची वरची आणि खालची कडही धरून. त्या दोन कडा दिसत नाहीत म्हणून सुतार त्या कोऱ्याच सोडतात, आणि पुढच्या जुलैत लाकूड पाणी प्यायला सुरुवात करतं ते तिथूनच.